परतीच्या वाटेवरची थरथर

गाडीची तक्रार सांगताना माणसं निम्मं खरं सांगतात आणि निम्मं पदरचं घालतात. त्यामुळे गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी आधी चिडतो, मग ऐकतो. रंगनाथतात्यांवर मात्र चिडता यायचं नाही. साखर कारखान्याच्या उसाचे ट्रॅक्टर त्यांनी उभा जन्म चालवले, आणि कोल्हारला मी गॅरेज टाकलं तेव्हा पहिला ट्रॅक्टर त्यांनीच माझ्या दारात आणून लावला होता.

आता त्यांच्याकडे ऑटोमॅटिक कार होती. पुण्याच्या मुलानं आपली जुनी दिली होती, आईला डायलिसिसला न्यायला. आठवड्यातून तीनदा तात्या सुमनकाकूंना घेऊन राहुरीला जायचे. ड्रायव्हर लावतो असं मुलगा कितीदा म्हणाला, तात्यांनी दरवेळी उडवून लावलं. काकूंना दुसऱ्या कुणाच्या हवाली करणं त्यांच्या मनाला पटतच नव्हतं.

तक्रार अशी होती की गिअर डी ला, म्हणजे पुढं जायला, टाकला की गाडी थरथरते, हिसके देते. न्यूट्रलला गप्प असते. आणि हे जाताना कधीच होत नाही, फक्त परत येताना.

ऐकताऐकताच मी निकाल लावून टाकला. येताना गाडी दवाखान्याबाहेर उन्हात तापलेली असते, म्हणजे दुखणं उष्णतेचं. इंजिन ज्यावर बसतं ते रबरी फाउंडेशन थोडं चिरलेलं निघालं, ते बदललं. गिअरचं तेल बदललं. मग गाडी भर दुपारी उन्हात ठेवली, बाभळेश्वरपर्यंत पळवून आणली, ब्रेक दाबून डी ला टाकून पाहिली. जराही हलली नाही. मी खुशीत गाडी तात्यांच्या ताब्यात दिली.

दोनच दिवसांत तात्या परत दारात. गाडी तशीच थरथरत होती. माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं, पुढच्या खेपेला मी बरोबर येतो, बघतोच तिच्याकडे.

त्या सकाळी मी मागं बसलो. काकू पुढं, तात्यांच्या शेजारी. त्यांचा पदर तात्यांच्या डाव्या गुडघ्यावर पसरला होता. पदर गिअरमध्ये अडकेल, काढून घ्या, असं मी सांगितलं, तर काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि तात्या समोर रस्त्याकडं बघत राहिले. आणखी एक माझ्या लक्षात आलं. तात्या ब्रेक डाव्या पायानं दाबत होते. जन्मभर त्या पायाखाली क्लच होता, या गाडीला क्लचच नाही, पण पाय रिकामा बसायला तयार नव्हता. सवय वाईट, पण ट्रॅक्टरवाल्या बऱ्याच जणांना असते, म्हणून मी बोललो नाही. राहुरीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली.

दुपारी काकू बाहेर आल्या त्या गळून गेलेल्या. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि मी पुढं, त्यांच्या जागेवर बसलो. तात्यांनी गाडी चालू केली, ब्रेक दाबला, गिअर डी ला टाकला. गाडीनं हिसका दिला. पुन्हा दिला. मी इंजिनाचा आवाज ऐकायला मान खाली घातली आणि माझी नजर तात्यांच्या गुडघ्यावर गेली. पायजम्यातला डावा गुडघा लटलट हलत होता. पाय ब्रेक दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता, आणि डी ला ब्रेक सुटला की आपोआप सरकणारी ती गाडी बिचारी पुढं निघायची नि जागीच थांबायची.

मी गिअर न्यूट्रलला घ्यायला सांगितला. गाडी गप्प झाली.

"तात्या, तुमचा पाय."

"गाडी हालती म्हून पाय हालतोय, भागवत."

"गाडी न्यूट्रलला हाय, तात्या."

त्यांनी खाली पाहिलं. गुडघा हलत होता. त्यांनी त्यावर स्वतःचा हात दाबून धरला, तर हातही हलायला लागला.

मागून काकूंचा आवाज आला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "येताना माझ्या अंगात जीव ऱ्हात न्हाई. जाताना मी धरून ठेवते."

सकाळचा तो पदर मला तेव्हा कळला. आमच्याकडं त्या वयाची बाई चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. पदराखाली हात होता, आणि हाताखाली तो गुडघा. मला लाज वाटली, मी त्यांना पदर काढायला सांगितला होता.

"तुला ठावं हुतं?" तात्यांनी विचारलं.

"तुमाला कळलं असतं तर तुमी गाडी सोडली असती," काकू म्हणाल्या.

मग तात्यांनी मला विचारलं, उजव्या पायानं ब्रेक दाबला तर चालेल का. विचारताना ते माझ्याकडं बघत नव्हते. हो म्हणणं सोपं होतं. उजवा पाय आज धड होता. पण उद्याचं मला ठाऊक नव्हतं, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या, आणि मागच्या सीटवर काकू होत्या. पाय डॉक्टरला दाखवा आणि तोवर चालवू नका, एवढंच मी म्हणालो. माझा आवाज मलाच आवडला नाही.

तात्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि ते उतरले. मागचं दार उघडून आत बसले, काकूंचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. दवाखान्याच्या दारात माणसं उभी होती, काही बघतही होती. काकूंनी चाचपडत हात नेला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. या वेळी वर पदर नव्हता.

मी त्यांच्या जागेवर जाऊन बसलो. गाड्यांचं एवढं आयुष्य काढलं, पण एखादी बिघडलेली निघावी असं आजवर कधी वाटलं नव्हतं. ब्रेक दाबला, गिअर डी ला टाकला आणि मनात म्हटलं, हल, एकदा तरी हल.

गाडी हलली नाही.