हातोडा खाली टांगा

मित्रांनो, मी एक जुना, गंजका, रुळाचा हातभर तुकडा. जन्म रेल्वेतला. नरडाण्याला झिजलेले रूळ बदलले, तेव्हा शिरपूरच्या एका जिनिंग फॅक्टरीने मला भंगारातून उचललं आणि फाटकातल्या कडुलिंबाला टांगलं. काम सुरू, काम बंद, हे मीच सांगायचो. आणि आग लागली तर न थांबता ठणठणायचो. आवाज असा की पार वेशीपर्यंत जाई!

पहिल्या साहेबांनी माझा हातोडा ऑफिसातल्या खुंटीला अडकवला. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! एके दुपारी कामावरच्या तानुबाईला कापसाच्या गंजीत धूर दिसला. ती ऑफिसकडे पळाली. साहेब जेवत होते. शिपाई म्हणाला, "थांब." ती थांबली, आग थांबली नाही. गंजी खाक झाली आणि शिव्या खाल्ल्या तानुबाईनेच. असल्यांना साहेब म्हणायची मला आजही लाज वाटते.

१९८७च्या हंगामात जीवराम नाना मॅनेजर होऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी हातोडा आणून माझ्याशेजारी दोरीने बांधला. "ज्याला धूर दिसेल त्याने ठोकायचं. कोणाला विचारायचं नाही," ते म्हणाले. कामावरच्या बायांतली द्रौपदाबाई बुटकी, तिचा हात पोचेना. नानांनी दोरी वीतभर खाली सोडली.

आठवड्यातच द्रौपदाबाईने मला बडवबडव बडवलं. यंत्रं थांबली, बाया बाहेर पळाल्या. धूर कुठेच नव्हता! तिरप्या उन्हात कापसाची धूळ उडत होती, एवढंच.

पहारेकरी तोताराम खिदळला, "अक्का, उद्या चुलीना धूर देखीसन बी ठोकशी का?"

मालक तिथेच होते. "काढा हिला कामावरून!"

द्रौपदाबाईच्या घरात कमावणारी ती एकटीच. "मनी चूक व्हयनी, नाना," ती चूक कबूल करत रडू लागली.

नाना सगळ्यांदेखत बोलले, "शेठ, आज हिला काढलं तर उद्या खऱ्या धुरालाही कोणाचा हात उठणार नाही. ठोक म्हणून मी सांगितलंय. काढायचं तर मला काढा."

शेठ मोटारीत बसून निघून गेले. नानांनी सगळ्यांना चहा सांगितला. पहिला कप द्रौपदाबाईला.

पंधरा दिवसांनी यंत्राखालून खरोखरच धूर निघाला. द्रौपदाबाईनेच पाहिला. क्षणभर तिने तोतारामकडे बघितलं, आणि मग दणादण! "आग शे! या रे बठ्ठा!" सगळ्यांच्या वाळूच्या बादल्या धावल्या. सगळ्यात मोठी बादली तोतारामची. टोपलीभर कापूस जळाला, बस्स! संध्याकाळी फाटकात जिलेबी वाटली, बायांनी गाणी म्हटली, आणि तोतारामने हात जोडले, "अक्का, आते चुलीना धूर देखीसन बी ठोक!"

इतकी हसली ती फॅक्टरी, की मी न ठोकताच थरथरलो.

आता मी तुमच्या शाळेत टांगलेला आहे. हातोडा मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात! मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच काही साहेब होतील. मला रंग नको, हार नको. कपाटातून हातोडा तेवढा काढा आणि तुमच्यातल्या सगळ्यात बुटक्याचा हात पोचेल, इतका खाली टांगा.