जुबैलमधलं गाऱ्हाणं

आमच्या माणसांना हळू बोलता येत नाही, हे मी आधीच बजावलं होतं. पण माझं, ह्या दौलतचं, ऐकतो कोण?

साल अठ्ठ्याहत्तर, सौदीतलं जुबैल. आम्ही सगळे फिटर नाहीतर वेल्डर, वेंगुर्ल्याच्या आसपासचे. बाळारामच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलेलं, रविवारचं विमान, सुटीचा कागद हातात. म्हणून शुक्रवारी सकाळी त्यानं बॅरेकमध्ये गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. नारळ धरून तो देवाला साकडं घालणार आणि प्रत्येक मागणीला आम्ही तीस जण ओरडणार, "होय म्हाराजा!" मी म्हटलं, दार लावा. तर म्हणे, उकडतं.

अर्ध्या तासात पोलिसांची जीप दारात. शेजारच्या कॅम्पातून कुणीतरी कळवलेलं, इंडियन कामगारांनी संप केलाय, घोषणा चालल्यात. संप म्हणजे तिथे खलास. चौकशी लागली की महिने जाणार आणि लग्न बापाशिवाय होणार. बाळाराम मटकन खाली बसला. मला त्याची इतकी दया आली की त्यालाच चार शिव्या घातल्या.

जीपमधून उतरला तो अली, चौकीचा नायब. मोठा साहेब दम्मामला गेलेला, तेव्हा काय लिहायचं ते ह्याच्याच हातात. आमच्यात अरबी येणारा एकटा कादिर, तोही वेंगुर्ल्याचाच. त्यानं सांगितलं, ही मुलीच्या लग्नासाठी दुआ आहे, एक जण मागतो, बाकीचे आमीन म्हणतात. नायबाला पटेना. एवढ्या जोरात? म्हणाला, माझ्यासमोर करा.

बाळारामनं नारळ पुन्हा हातात धरला. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाचा लगीन नीट पार पाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही घाबरून कुजबुजलो.

नायबानं कादिरला त्याचा अर्थ विचारून घेतला. मग वही उघडून त्यानं लिहिलं आणि सही ठोकली. कादिरनं वाचून दाखवलं, 'संप नाही. मुलीच्या लग्नाचा आनंद.' मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू?

पण नायब जाईना. कादिरच्या कानाशी काहीतरी बोलला, तसा कादिर हसायला लागला.

"ह्याची बायको सकाळपासून हॉस्पिटलात आहे. पहिलं बाळंतपण. तिच्यासाठी पण घाला म्हणतो."

बाळाराम ताडकन उठला. "तशीच ह्या अलीसायबाची घरकारीण सुखरूप मोकळी होऊ दे रे म्हाराजा."

आम्ही पुन्हा हळूच म्हटलं. नायब वैतागला. मघाशी सगळ्या जुबैलला ऐकू गेलं, आणि माझ्या वेळेला घसा बसला का, असं त्यानं कादिरकरवी विचारलं. मग स्वतः जाऊन दार लावून आला.

बॅरेकचे पत्रे हादरले. आणि आमच्या तीस जणांच्या 'होय म्हाराजा'च्या वर नायबाचं एकट्याचं 'आमीन'.