मुकादमाची तपासणी

सोफेवाल्याच्या दुकानात शेवटचा शब्द सोफेवाल्याचा नसायचा, मुकादमाचा असायचा.

मुकादम म्हणजे कुत्रा. तपकिरी, बुटका, एक कान उभा आणि दुसरा कायम रजेवर. पिल्लू असताना दुकानात घुसला तो थेट नव्याकोऱ्या गादीवर चढून घोरायला लागला, आणि तिथेच त्याची नेमणूक झाली. तेव्हापासून रीतच पडून गेली. सोफा भरून, कापड ताणून, खिळे ठोकून झाले की सोफेवाला हातोडी खाली ठेवून बाजूला व्हायचा. मुकादम टुणकन वर चढायचा, गोल गोल फिरायचा, आणि झोपला की माल पास. कुठे स्प्रिंग टोचत असली, कुठे काथ्या गोळा झाला असला, की साहेब खाली उतरून चालू पडायचे. मग सोफेवाला मुकाट्याने शिवण उसवायला घ्यायचा. मुकादमाचा निकाल कधी चुकला नाही.

गिऱ्हाइकाने कापडावरचा केस चिमटीत धरून दाखवला, की सोफेवाला तोंड गंभीर करून म्हणायचा, "राहू द्या तो. तपासणीचा शिक्का आहे. पुसलात तर हमी जाईल." निम्मी गिऱ्हाइकं खरंच पुसायची नाहीत.

पण हल्ली शिक्का पडत नव्हता.

आधी एक आरामखुर्ची नापास झाली, मग दिवाण, आणि आता हा शाळेच्या मोठ्या बाईंचा सोफा. मुकादम यायचा, पुढचे दोन पाय काठावर टेकवायचा, नाक लावायचा, सोफेवाल्याकडे बघायचा आणि कोपऱ्यातल्या गोणपाटाच्या ढिगावर जाऊन पडायचा. सोफेवाल्याने फोम बदलला. नापास. स्प्रिंगा काढून नव्या बांधल्या. तरी नापास. खालचे पट्टेसुद्धा बदलले. मुकादमाने तर जांभई दिली.

सोफेवाला त्याच्यासमोर उकिडवा बसला. "काय चुकतंय रे? एवढं तरी सांग. का नुसताच तोंड पाडून बसणार?"

मुकादमाने शेपूट एकदा आपटलं आणि डोळे मिटले.

सोफेवाल्याची कंबर धरली होती, बोटांची सुईने चाळणी झाली होती, आणि आता डोक्यात एकच गोष्ट बसली होती: हात गेले. आयुष्यभर लोकांच्या बुडाखाली आराम भरला, आता तो हातच कामातून गेला. शेजारचा रंगवाला कधीपासून मागे लागला होता. "शेठ, गाळा द्या मला, डबे ठेवायला जागा नाही. तुम्ही किती दिवस खिळे मारणार?" आजवर सोफेवाल्याने त्याला हसण्यावारी नेलं होतं. काल मात्र म्हणाला, "उद्या संध्याकाळी ये. सांगतो."

संध्याकाळ व्हायला आली होती. बायको चहा घेऊन जिन्यावरून खाली आली आणि दारातच थबकली. सोफ्याची आतडी परत बाहेर.

"अहो, पुन्हा फाडलात?"

"मुकादम चढत नाही."

"मग?"

"मग काय? खोट आहे. सापडत नाही एवढंच. गाळा देऊन टाकतो त्या रंगवाल्याला."

बायकोने चहा खिळ्यांच्या डब्यावर ठेवला. "तो घराचा जिना तरी चढतो का?"

"कोण, रंगवाला?"

"मुकादम हो! शेवटचा कधी वर आला होता, आठवतंय? महिनाभर खालीच झोपतोय."

"रुसलाय माझ्यावर. काम बिघडलंय म्हणून."

"तुमच्यावर रुसून बसायला तो काय माझी आई आहे?" बायको म्हणाली. "गुडघे गेलेत त्याचे. तुमच्यासारखेच. तुम्ही उठताना 'आई गं' करता, त्याला बिचाऱ्याला ते येत नाही."

सोफेवाला बायकोकडे बघत राहिला. मग सोफ्याकडे. धडधाकट सोफा. त्याने चारदा फाडलेला. बायकोला हसू आवरेना. ती हसता हसता खिळ्यांच्या डब्याला धडकली, निम्मा चहा खिळ्यांनी प्यायला.

"हस, हस," सोफेवाला म्हणाला. पण सुई उचलली. फोम बसवला, कापड ओढलं, कडा शिवून घेतल्या. घाई केली नाही, तेवढा जोरही उरला नव्हता. मग गोणपाटाजवळ गेला, मुकादमाच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि उचलला.

"आई गं," सोफेवाला म्हणाला. मुकादमही कुईं करून त्याच अर्थाचं काहीतरी म्हणाला.

सोफ्यावर ठेवल्यावर मुकादम तसाच उभा राहिला. कुत्र्याने खाली हुंगलं, सावकाश गोल फिरला, मागचे पाय जपून दुमडले, हनुवटी टेकली आणि असा लांबलचक उसासा सोडला, की जणू सगळे सोफे त्यानेच भरले होते. पाठोपाठ घोरणं.

"पास," बायको हळूच म्हणाली.

सोफेवाला शेजारच्या रिकाम्या जागेत बसला. आपल्याच हातचा सोफा, पण त्यावर टेकायला सवड कधी मिळाली होती? कंबर अजून ठणकत होती, बोटं अजून झोंबत होती. मुकादमाने झोपेतच पाठ त्याच्या मांडीला लावली. गरम, जड, केसाळ. सोफेवाल्याने डोकं मागे टेकलं. स्प्रिंगा खरंच चांगल्या बसल्या होत्या.

रंगवाला आला तेव्हा दोघेही घोरत होते, एक वरच्या पट्टीत, एक खालच्या.

"शेठ? काय ठरलं मग?"

सोफेवाल्याने एक डोळा उघडला. "हळू बोल. तपासणी चालू आहे."

"गाळ्याचं म्हणतोय मी."

"गाळा नाही मिळायचा. पण तुझ्याकडे जुनी फळी असेल तर दे. रुंद बघ, घसरणार नाही अशी."

"फळी? कशाला?"

"मुकादमाला पायरी करायची आहे," सोफेवाला म्हणाला, आणि तो डोळाही मिटला.