शेंड्याचं घर

पटावरच्या सगळ्या घरांचा लाल रंग झिजला होता. फक्त शेंड्याच्या घरावर तो नवाकोरा होता. प्रेमलानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाकी ठिकाणी खालचं लाकूड दिसत होतं, इथं ब्रशच्या रेघासुद्धा शाबूत होत्या.

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर तिनं वाघ-बकरीच्या त्रिकोणी पटावरून हा नवा खेळ रचला होता. वाघ नाही, बकरी नाही. दोघांना सारख्याच सोंगट्या, आणि ज्याच्या कोंडल्या तो हरला. येरवड्याच्या घरी दिवाळीपासून रोज दुपारी ती आणि तिचे यजमान रतनराव तो खेळत. शनिवार पेठेतला दिग्विजय खेळणी बनवायचा. तो पट छापायला मागत होता आणि ती "कळवते" म्हणून टोलवत होती. काहीतरी खुपत होतं. काय, ते सापडत नव्हतं.

"मांडू?" रतनरावांनी चिंचोके खुळखुळवले.

हरलेल्यानं पुढचा डाव सुरू करायचा, हा घरचा रिवाज. रतनराव हल्ली नेहमी हरत, म्हणून सुरुवात नेहमी त्यांची. सोसायटीत कॅरमला कुणाला न ऐकणारा हा माणूस इथंच कसा हरतो?

"आज पहिली मी."

"रिवाज मोडायचा?"

"ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते."

तिनं कवडी शेंड्यावर ठेवली.

"तिथं कोण ठेवतं?" ते पटकन म्हणाले.

"कुणीच नाही. तेच बघतेय."

ते मन लावून खेळले. बऱ्याच दिवसांनी, असं तिला वाटलं. तरी त्यांचे चिंचोके कोंडले. तिनं पुन्हा शेंड्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चिंचोका उचललाच नाही.

"पहिल्यांदा शेंडा धरणारा जिंकणारच," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"संक्रांतीच्या सुमारास."

"आणि तेव्हापासून मुद्दाम हरताय."

"जिंकलो असतो तर पहिली चाल तुझ्याकडे गेली असती, आणि तुला हे सापडलं असतं." ते पटाकडेच बघत होते. "हा खेळ रचल्यापासून तू सकाळी पुन्हा गुणगुणायला लागली होतीस."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"मॅडम, मशीन रिकामं आहे," दिग्विजय म्हणाला. "आज तरी हो म्हणा."

"म्हण की," रतनराव पुटपुटले. "कुणाला कळणार आहे?"

प्रेमलानं अंगठा त्या कोऱ्या लाल घरावर टेकवला.

"छापू नका, दिग्विजय. खेळ अजून तयार झालेला नाही."