कामिनोचं भात जामसरात

जामसरच्या चैतीचा धाकटा भाऊ नवसू चार वर्षांनी परतला. जव्हार संस्थानात तेव्हा होळी नुकतीच होऊन गेली होती आणि घरोघरी राब, म्हणजे भाताची रोपं वाढवायची जागा, भाजायला पालापाचोळा गोळा करायची घाई चालली होती. मुंबईत एका जपानी कापूस व्यापाऱ्याकडे नवसू स्वयंपाकाला राहिला होता. व्यापारी मायदेशी निघाला तेव्हा हाही त्याच्याबरोबर बोटीत चढला. भाताचे दोन हंगाम तिथं काढून आता तो बहिणीच्या दारात उभा होता.

नवऱ्याच्या मागे चैती आपल्या सासूला, सुकीला, सांभाळून एकटीच शेती करायची. भावाला पाहिल्यावर तिनं डोळे पुसले, त्याच्यापुढे नागलीची भाकर ठेवली आणि लगेच विचारलं, "तिथं पिकतं काय?"

"भात, बाय. घराच्या मागच्या भिंतीपर्यंत भात."

"आणि गाव केवढं?"

"त्याला शहर म्हणतात. कामिनो नाव. आपल्या जव्हारपेक्षा थोडं मोठं. बाजाराचा एक लांब रस्ता, लाकडी घरं, शाळा, रेशमाचे किडे पाळायच्या माड्या. पण दुकानाच्या मागच्या दारातून पाय टाकलास की थेट खाचरात. सगळीकडून डोंगर. थंडीत कमरेएवढं बर्फ पडतं, माणसं घरात बसून दोर वळतात. समुद्र कुणी पाहिलेला नाही. मीठ घाट चढून पाठीवर आणतात, आपल्यासारखंच."

शहरातल्या माणसांनी चिखलात उतरावं, याचं चैतीला फार बरं वाटलं. "बायाही?"

"बायाच पुढं. त्यांच्या चिखलातल्या चालण्यावरून मला तू आठवायचीस."

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. कामिनोतले लोक पेरणीआधी बियाणं दाट मिठाच्या पाण्यात टाकतात. वर तरंगेल ते काढून टाकतात, तळाशी बसेल तेवढंच पेरतात. पाणी पुरेसं दाट झालं की नाही हे कोंबडीच्या अंड्यावरून कळतं. अंड्याचा बोटाच्या पेराएवढा भाग पाण्यावर आला की मीठ थांबवायचं.

सुकी आतून बाहेर आली. "मिठानं बी मरतं. खाडीकाठची शेतं कशानं ओस पडलीत? आणि वर्षाचं मीठ बियाण्यावर घालायचं?"

"म्हणून लगेच तीनदा गोड पाण्यानं धुतात, आये," नवसू म्हणाला. सुकीनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

चैती सूप घेऊन बियाणं पाखडायला बसली. पोचट दाणा सुपाच्या कडेवरून उडत होता, पण अर्धा भरलेला दाणा भरल्या दाण्यात मिसळून तसाच राहत होता. हा दाणा उगवतो, आवणीला रोपं खाचरात लावेपर्यंत हिरवा दिसतो आणि मग मागे पडतो, हे तिनं कितीतरी वर्षं पाहिलं होतं. सुपाला तो वेगळा काढता येत नव्हता. पाण्याला येत असेल तर करून बघायला काय हरकत?

"आये," ती म्हणाली, "अर्धं बी तुझ्या रीतीनं, अर्धं या रीतीनं. मीठ कमी पडलं तर माझ्या ताटातलं कमी कर."

वैशाखात मडक्यात मीठ विरघळलं, अंडं वर आलं. बी ओतलं आणि बघता बघता पाणी पिवळं झालं. चांगलं दिसणारं सूपभर भात वर तरंगत होतं. तरी चैतीनं हातानंच ते सगळं काढून कांडायला ठेवलं. तळाचं बी धुतलं, सावलीत वाळवलं आणि राबाच्या अर्ध्या तुकड्यात पेरलं. बी कमी भरल्यानं पेरा विरळ पडला. शेजारचा मंगळू बांधावरून हसला, "चैती, तुझ्या राबात चिमण्यांना नाचायला जागा केलीस!"

"नाचू दे," चैती म्हणाली.

पाऊस लागल्यावर सुकीच्या बाजूचं रोप आधी वर आलं. चैतीची बाजू दोन दिवस तशीच होती. सुकी रोज राबापर्यंत जाऊन यायची आणि चुलीपाशी बसायची. तिसऱ्या दिवशी रोप आलं. आखूड, जाड, सगळं एका उंचीचं.

आवणीला दोन्ही रोपं खाचरात वेगवेगळी लावायची ठरली, तेव्हा नवसूनं कामिनोची दुसरी रीत काढली. दोरी ताणून सरळ ओळीत लावायचं. चैतीनं चार ओळी लावल्या आणि दोरी गुंडाळून त्याच्या हातात दिली. "तिथलं खाचर सपाट असेल. आमचं डोंगराच्या अंगानं वळतं. हिनं माझा दिवस वाया जातो."

नवसू हिरमुसला. "अर्धीच रीत घेतलीस."

"चालेल ती घेतली," ती म्हणाली आणि वाकून पुढची मूठ चिखलात रोवली.

दसऱ्याच्या सुमारास मंगळू स्वतःहून खाचरात उतरला. दोन्ही बाजूंची एकेक लोंबी त्यानं तळहातावर चोळली, फुंकर मारली. सुकीच्या बाजूचे पोचट दाणे बरेच उडाले. चैतीच्या बाजूचे दाणे हातावरच राहिले. त्यानं पुन्हा दुसरी लोंबी घेतली, मग तिसरी. शेवटी विचारलं, "मीठ किती लागतं?"

पुढच्या वैशाखात जामसरच्या सात घरांनी मूठ-मूठ मीठ आणलं आणि एकाच मोठ्या हंड्यात पाणी केलं. तेच पाणी सगळ्यांच्या बियाण्याला पुरलं. पोशेऱ्याहून चैतीची मावसबहीण कोंडीही मुद्दाम आली होती. हे कुठं शिकलीस, असं तिनं विचारलं तेव्हा चैतीनं बर्फापासून रेशमाच्या माड्यांपर्यंत कामिनोची सगळी हकीकत सांगितली, जणू कालच तिथून परतली होती. नवसू पाणी भरत होता. त्यानं कुठंही दुरुस्ती केली नाही.

मंगळूचा तरंगलेल्या भातात जीव अडकला. तो हळूच मूठभर भात परत आपल्या बियाण्याच्या टोपलीत टाकत होता.

"हात काढ!" सुकी हंड्याच्या पलीकडून ओरडली. "ते कांडायचं, पेरायचं नाही!"