गोलच्या रेघेतला लॉरेन्स

मी एक जुनी रेघा आखायची गाडी आहे. चार लोखंडी चाके, वर पत्र्याची पेटी, आणि पेटीच्या तळाशी एक अरुंद फट. पेटीत पांढरी पूड भरून मला ढकलत नेले, की फटीतून पूड पडत जाते आणि मागे सरळ रेघ उमटते. मित्रांनो, माझा जन्मच संशयासाठी झाला आहे. चेंडू रेघेच्या आत होता की बाहेर, यावर मोठी माणसे एकमेकांची गचांडी धरताना मी पाहिली आहेत. त्यामुळे मी सहसा कोणाचा भरवसा धरत नाही.

यॉर्कशायरमधल्या स्केलबेक गावी गालिच्यांची गिरणी होती. त्या गिरणीच्याच लोहारखान्यात एकोणीसशे एकोणपन्नास साली मला घडवले. गिरणीमागच्या चार गल्ल्यांनी मिळून काढलेला स्केलबेक व्हिक्टोरिया हा आमचा फुटबॉल क्लब. तो जिल्हा लीगच्या खालच्या विभागातून एकदाच वर चढला आणि दोन वर्षांनी निमूटपणे खाली आला. त्या दोन वर्षांत लोक माझ्या रेघांचेही कौतुक करत. "इस्त्री केल्यासारख्या," असे म्हणत. पुढे गिरणी बंद पडली, प्रेक्षक रोडावले. पण शनिवारचा नेम मोडला नाही. सकाळी आखणी, दुपारी सामना, मध्यंतरात चहा.

मला ढकलायला पहिल्यापासून सिरिल हॅग. आणि एकोणीस वर्षे आमचा गोलरक्षक लॉरेन्स पिकल्स; पहिला अर्धा तो नेहमी टेकडीकडच्या गोलमध्ये उभा राही. या लॉरेन्सला एक खोड होती. सामना सुरू होण्याआधी तो माझ्या ताज्या रेघेवर मधोमध टाच घासून खूण करायचा. त्याशिवाय त्याला आपण गोलच्या मधोमध आहोत की नाही, याची खात्री वाटत नसे.

"लॉरेन्स, तुझी टाच एक दिवस कापून ठेवीन," सिरिल ओरडायचा.

"ठेव. पण मधोमध ठेव," लॉरेन्स म्हणायचा.

लॉरेन्स खेळायचा थांबला, म्हातारा झाला आणि एका उन्हाळ्यात गेला. त्याची बायको एनिड आमच्या चहाच्या खोलीत तीस वर्षे चहा करत आलेली. तिने कमिटीकडे एकच मागणे मागितले. लॉरेन्सची राख गोलपाशी पसरू द्या. तशी आमच्याकडे रीतच होती. पण चार-पाच जुन्या माणसांची राख पडल्यावर तिथले गवत जळून गेले होते, म्हणून फाटकावर पाटी लागली होती: कुत्री आणू नयेत, सायकली आणू नयेत, मैदानावर राख टाकू नये. सेक्रेटरी ग्रॅहम टॅटरसॉल म्हणाले, "एनिड, फाटकाजवळ गुलाब आहेत, तिथं टाका."

"बरं," एनिड म्हणाली आणि कप विसळायला गेली.

पानगळीच्या दिवसांत टेकडीकडची गोलची रेघ करडी दिसू लागली. मग तिच्याखालचे गवत पिवळे पडले, पुढे तपकिरी झाले. बाकी मैदान हिरवेगार, तेवढाच पट्टा मेलेला. रेव्हन्सबीच्या संघाशी सामना होता तेव्हा चेंडू त्याच रेघेवर अडला. रेघ नीट दिसेना, आणि रेफरीने आमच्यावर गोल दिला. वर लीगचे पत्र आले. मार्चमध्ये तपासनीस येईल, मैदान नापास झाले तर क्लब लीगबाहेर.

कमिटीने सिरिलला समोर उभे केले. "सिरिल, तुम्ही पेटीत भलताच चुना तर भरत नाही ना? आता डोळे थकले तुमचे. मार्चपर्यंत बघू. नाहीतर नवा माणूस आणि रंग फवारायचं यंत्र आणावं लागेल."

पत्र्याच्या खोलीत येऊन सिरिलने माझी पेटी हुंगली. ते मला फार लागले. चाळीस वर्षांच्या सोबतीनंतर माझ्यावर संशय.

मग मीही संशय घेऊ लागले. टॅटरसॉल हातात टेप घेऊन गोलमागे कशाची मापे घेत होते? रेव्हन्सबीचे लोक मध्यंतरात इतके रेंगाळत का? शेजारच्या बाईचा कुत्रा रेघ हुंगून शिंकला का? मनात नको ते येते, मित्रांनो. सिरिलचे डोळे खरेच गेले असतील, असेही मला वाटून गेले.

एनिडवर मात्र माझा संशय गेला नाही. ती दर शनिवारी सकाळी सिरिलसाठी चहा आणि आल्याचे बिस्कीट घेऊन यायची. टेकडीकडची गोलची रेघ शेवटी आखायला ठेवून सिरिल कोपऱ्यातले झेंडे रोवायला गेला की ती माझ्यापाशी क्षणभर थांबे. माझे झाकण उचलल्याचे मला कळत होते. पण इतक्या नेमाने येणाऱ्या बाईबद्दल वाईट मनात आणणे मला पाप वाटले. पुसत असेल, म्हटले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सिरिल दोरी विसरला म्हणून परत आला. एनिडच्या एका हातात चहाचा जुना डबा होता आणि दुसऱ्या हातात चमचा. चमचा माझ्या पेटीवर होता.

"हे काय गं एनिड?"

"लॉरेन्स," ती म्हणाली. "एका वेळी एकच चमचा."

"पाटी वाचली नाहीस?"

"वाचली ना. मैदानावर टाकू नये असं लिहिलंय. मी मैदानावर टाकलीच नाही, गाडीत टाकली."

सिरिल उलट्या बादलीवर बसला. मग म्हणाला, "एकोणीस वर्षं माझी रेघ बिघडवली. मेल्यावरही ऐकत नाही बघ."

"तुझ्यावर आळ येतोय, हे कोणी मला सांगितलंच नाही."

"मी तरी कुठं सांगितलं? चहा प्यायचा की रडगाणं गायचं?"

सिरिल गप्प राहायला तयार होता. ते मला त्याच्या हातांवरून कळले, कारण त्याने झाकण हळूच लावले. पण एनिडने डबा उचलला आणि ती सरळ चहाच्या खोलीत गेली. तिथे कमिटी बसली होती. तिने डबा टेबलावर ठेवून सगळे सांगितले.

टॅटरसॉल यांनी आपल्या कपाकडे पाहिले. "एनिड, मघाशी मी साखर कुठल्या डब्यातून घेतली?"

"निळ्या. हा हिरवा आहे."

"नक्की?"

"तीस वर्षं चहा करतेय, ग्रॅहम."

त्यांनी तरी तो कप बाजूला सारलाच.

दुसऱ्याच दिवशी कमिटीच्या संमतीने रेघेखालची जळकी माती खणून काढली. गवताची मुळे पोहोचणार नाहीत इतक्या खोल, गोलच्या बरोबर मधोमध, उरलेला लॉरेन्स डब्यासकट ठेवला. वर नवी माती आणि सराव मैदानाच्या कडेचे गवत आणून बसवले. माझी पेटी एनिडने स्वतः कोमट पाण्याने धुतली, चाकांना तेल दिले. मार्चमध्ये तपासनीस आला, रेघेवर वाकून बघत राहिला आणि होकारार्थी मान हलवून गेला. सिरिल राहिला, मीही राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे जुने काही असेल. ते बिघडले तर टाकून देण्याआधी त्याचे झाकण उघडून बघा. आणि माणसावर आळ घेण्याआधी त्याला समोर बसवून विचारा. हिवाळाभर मी दुनियेकडे बोट दाखवत होते, आणि ज्याचा शोध चालला होता तो माझ्याच पोटात होता.

तरी माझा स्वभाव काही गेलेला नाही. टॅटरसॉल त्या टेपने काय मोजत होते, ते अजून कोणी सांगितलेले नाही. आणि परवा तपासनीस गेल्यावर सिरिलने इकडेतिकडे पाहिले, ताज्या रेघेवर मधोमध टाच घासली आणि मला म्हणाला, "चल, पुन्हा आखू." आता माझी नजर त्याच्यावरही आहे.