मायाप्पाचा होकार

इंग्रज गेले नाहीत, कारण त्यांना जा म्हणायला कुणी गेलंच नाही. दोनशे वर्षांत एक मोर्चा नाही की एक दगड नाही. त्यामुळे आज सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत एसी होता, वायफाय होतं, भिंतीवर राजाची तसबीर होती आणि खुर्चीत गोरा साहेब होता. बाकी सगळं तुमच्या-आमच्यासारखंच. फायलीसुद्धा तितक्याच हळू सरकत.

कचेरीचे दुभाषी वेणीमाधवराव. पणजोबांपासून घरात हेच काम. साहेबाचं इंग्रजी रयतेला मराठीत सांगायचं आणि रयतेचं मराठी साहेबाला इंग्रजीत. आता रयतेचं मराठी म्हणजे काय, तर नुसता होकार. जमीन घेऊ? हो. कर वाढवू? हो. चार पिढ्यांवर 'यस सर'पलीकडे भाषांतर करायची वेळच आली नव्हती, तरी घराण्याला सगळे विद्वान म्हणत. पुढच्या महिन्यात वेणीमाधवरावांना रावसाहेबी मिळायची होती. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी तर दारावरची पाटी आधीच रंगवून घेतली होती.

त्या दिवशी सांगोल्याकडचा मायाप्पा आला. त्याची तीनशे मेंढरं ज्या माळावर चरत, तिथे कलेक्टर फिंच साहेबांना गोल्फचं मैदान करायचं होतं. कायद्याने संमती विचारावी लागे. नाही कुणीच म्हणत नसे, म्हणून सरकार बिनधास्त विचारत असे.

दाराबाहेर वेणीमाधवरावांनी त्याला पढवलं. "हे बघ, साहेब वाचतील, मी सांगेन. तू फक्त हो म्हणायचं. जास्त शहाणपणा नको."

"व्हय," मायाप्पा म्हणाला. "पर भाऊसायेब, मेंढरं मग कुटं न्यायची?"

"ते नंतर बघू."

नंतर कुणीच बघत नसे, हे वेणीमाधवरावांइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना जरा कसंसंच झालं.

आत साहेबांनी नोटीस वाचली. वेणीमाधवरावांनी ती मराठीत सांगितली आणि विचारलं, "संमती आहे का?" मायाप्पाने हात जोडले. माळावर हाका मारून तयार झालेला गळा. कचेरीत आवाज बारीक करावा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"व्हाऽय!"

साहेबांचं पेन थांबलं. मराठीच्या वाटेला ते कधी गेलेच नव्हते, त्यांनी आपलं इंग्रजीच ऐकलं. व्हाय. म्हणजे, का?

"हा मला कारण विचारतो?" त्यांनी घाईघाईने नियमावली उघडली. लाच, मारामारी, वेड लागणं, सगळ्याला कलम होतं. 'का'ला नव्हतं. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "म्हणजे... व्यायाम होतो."

"साहेबांना तिथे व्यायाम करायचाय," वेणीमाधवरावांनी सांगितलं.

"व्हय?" मायाप्पाला खरंच नवल वाटलं.

साहेबांनी कॉलर सैल केली. "हवासुद्धा चांगली आहे."

"हवा चांगली आहे म्हणतात."

"व्हय, व्हय! हवा लई झ्याक!"

साहेब उठून उभेच राहिले. "चार वेळा विचारलं! हे लंडनला कळवावं लागेल. तिकडून उत्तर येईपर्यंत त्या माळाला हात लावता येणार नाही." मग ते दुभाष्याकडे वळले. "तुम्ही शपथेवर सांगा. त्याने 'व्हाय'च विचारलं ना?"

अर्ध्या वाक्याचं काम होतं. नाही साहेब, तो हो म्हणतोय. की मैदानही पक्कं आणि रावसाहेबीही पक्की. वेणीमाधवरावांनी मायाप्पाकडे पाहिलं. आपण सगळं नीट केलं ना, या काळजीने तो त्यांच्याकडेच बघत होता. वेणीमाधवरावांना लाज वाटली, चार पिढ्यांची एकदम. 'यस सर' अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. लहानपणी जो शब्द तोंडातून निघाला की आई डोळे वटारायची, तोच त्यांनी छाती भरून उच्चारला.

"व्हय, साहेब!"

साहेब मटकन खाली बसले. आता विचारणारे दोघे झाले होते.